नाल्यापलीकडची छत्तीस घरं

एप्रिल लागला की आमच्या लिफ्टमध्ये माणसं शिंकायला लागतात. खाली लालबागच्या गल्लीत मसाल्याचे डंक सुरू झालेले असतात. लोखंडी उखळात लोखंडी मुसळं आळीपाळीनं आपटतात, तांबडी पूड उडते आणि तिचा खकाणा कुठून कसा कोण जाणे, पण चौदाव्या मजल्यापर्यंत चढतो. आवाज मात्र चढत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नव्या रहिवाशांपैकी कुणीतरी विचारतं, की कुठे गॅस गळतोय का. जुने रहिवासी उत्तर देत नाहीत. ते पिशव्या घेऊन खाली गेलेले असतात.

आमच्या घरात हा मोसम बायकोचा. विजया मालवणकडची, आणि तिच्या मसाल्याचे नियम माझ्या खात्याच्या नियमांपेक्षा कडक. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दोन्ही दोन दिवस रखरखीत उन्हात. देठ हातानंच खुडायचे, कात्री लावायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की आपली मिरची उखळात पडली की समोरून उठायचं नाही. नाकाला रुमाल बांधून बसायचं. पूड चाळून डब्यात भरली, झाकण आपल्या हातानं लावलं, की मगच उठायचं. डंकावर दहाजणींची मिरची रांगेत असते. आपण चहाला म्हणून उठलो आणि आपल्या बेडगीत कुणाची पांढरी पडलेली मिरची मिसळली, तर दाद कुणाकडे मागणार?

या कामात माझा उपयोग पिशव्या उचलण्यापुरता. मी आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा माणूस. एका सरकारी नियोजन कचेरीत उभी नोकरी केली. कुठल्या जमिनीवर काय होऊ द्यायचं हे मोठे लोक ठरवत, आणि मी ते रंगवत असे. घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. वडील ज्या गिरणीत साचे चालवायचे तिची जमीन जांभळी होती, पुढे ती पिवळी झाली. आज मी त्याच पिवळ्या तुकड्यावर राहतो आणि गच्चीवर मिरच्या वाळवायला सोसायटीची मनाई आहे. विजया त्या खिडकीच्या जाळीत वाळवते आणि सेक्रेटरीला जिन्यात गाठून बोलते.

माझी एक ख्याती होती. माझा नकाशा स्वच्छ असायचा. डाग नाही, खाडाखोड नाही. खात्यात नियम होता, की खोडून दुरुस्ती केली तर शेजारी आद्याक्षरं करायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. माझ्या नकाशांवर आद्याक्षरं फक्त तळाला असत, ‘रेखाटले’ या शब्दापुढे. याचा मला अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत मिरवतही असे.

दर एप्रिलला खकाणा आला की मला एकच मोसम आठवतो. दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा जुन्या चाळीत होतो, आणि चाळीला गच्ची होती.

त्या वर्षी माझ्या टेबलावर विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यातला नकाशा होता. मी उघडी खाण कधी पाहिली नव्हती. बोगदा नसतो, एवढं माहीत होतं. आधी वरची माती काढतात, मग दगड, मग कोळसा, आणि उरतो तो तळ्यासारखा खड्डा. कोळसा केंद्र सरकारच्या कायद्यात येतो. खाण कुठे आणि किती खोल, यात आमच्या कचेरीला कुणी विचारत नसे. पण उपसलेल्या मातीचा डोंगर रचायला खाणीबाहेरची जमीन लागते. ती शेतीची असेल, तर हिरव्याचा जांभळा करावा लागतो, आणि तेवढं एक काम आमच्याकडे होतं. रंग बदलायच्या आधी गावाला विचारायचं, अशी पद्धत. त्याला हरकती आणि सूचना म्हणतात. एवढ्या मोठ्या खाणीपुढे गावाला बोलायला एवढीच जागा होती.

चिंचझरी नावाच्या गावाशेजारी असा डोंगर रचायचा प्रस्ताव होता. अर्जात लिहिलं होतं, की ही जमीन गावठाणापासून अर्धा किलोमीटर दूर आहे, वस्तीला त्रास नाही. मी पट्टी लावून मोजलं. गावठाण, म्हणजे गावातल्या घरांसाठी सरकारनं ठरवलेली जागा, एक पिवळा ठिपका. तिथून नाला. नाल्यापलीकडे हिरवं शेत, आणि त्याला लागून डोंगराची जागा. अंतर बरोबर होतं.

सुनावणी सोमवारी होती. ती गुरुवारवर गेल्याचं पत्र चिंचझरीला पोचण्याआधी चिंचझरीची माणसं कचेरीत पोचली. दोघं होती. सरपंच कांताबाई, पंचेचाळिशीच्या, पायात रबरी चपला आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठराव. सोबत नामदेव कोतवाल, गावात दवंडी देणारा, घरोघर सरकारी कागद पोचवणारा म्हातारा. त्यांना नकाशा पाहायचा होता, म्हणून शिपायानं माझ्याकडे पाठवलं.

“आमचं गाव कुठं हाय याच्यात?” कांताबाईंनी विचारलं.

मी पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्या वाकल्या, बघितलं, आणि मान हलवली. नकाशा उभा धरलाय की आडवा, हे त्यांना उमगलं नसावं, आणि मी काही समजावलं नाही. आम्हाला तशी सवय नव्हती.

“गुरुवारपर्यंत राहणार कुठे?” मी विचारलं.

“ठेसनावर राहू. परत जाऊन परत येनं त काही जमत नाई.”

आता करी रोडला आमच्या कोकणातल्या गावाची एक खोली आहे. गावकीची खोली म्हणतात तिला. गावाहून नोकरीला आलेला कुणीही पुरुष तिथे वळकटी टाकू शकतो, आणि गावच्या माणसानं शब्द दिला तर पाहुणाही राहू शकतो. हरकत घ्यायला आलेल्या माणसांना आरेखकानंच आसरा देणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. कचेरीत कुणाला न सांगता मी दोघांना घेऊन निघालो आणि वाटेत घरी थांबून विजयाला सांगितलं.

“तुमका अक्कल आसा काय?” विजया म्हणाली. “खोलयेत चौदा पुरुष. थंय ती बाय कशी ऱ्हवतली? तिका हय ठेवा. माका देठ खुडूक कोणतरी होयाच होता.”

म्हणून नामदेव कोतवाल खोलीत गेले आणि कांताबाई आमच्याकडे राहिल्या. तासाभरात दोघी वर्तमानपत्र पसरून मिरच्यांच्या ढिगाऱ्यापुढे बसल्या होत्या. एक मालवणीत बोलत होती, दुसरी तिच्या बोलीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. कांताबाईंना मिरची कळत होती. बेडगी हातात घेऊन त्या म्हणाल्या, की ही नुसती दिसायला, आमच्याकडली बुटकी असते पण डोळ्यांतून पाणी काढते. मग म्हणाल्या, “आमी आता मिरची वाळवतच नाई, ताई. सकाळी लाल टाकली का संध्याकाळी काळी होते. कोळशाची धूळ. तयार तिखटाची पुडी आनतो.”

विजयाचा हात थांबला. तयार पुडी हे तिच्या लेखी मोठंच संकट होतं. “अगे बाय,” एवढंच ती म्हणाली.

मला कांताबाईंच्या दोन सवयी दिसल्या. पाणी प्यायल्या की त्या पेला लगेच पालथा घालत. धुतलेला असो नसो, पालथाच. ताटही जेवण वाढायला येईपर्यंत पालथं ठेवत. दुसरी सवय मंगळवारी दुपारी कळली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो होतो. दोन वाजायला आले, आणि बोलता बोलता त्या उठल्या, मांडणीपाशी गेल्या आणि वरच्या फळीवरच्या डब्यांना दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. विजयानं विचारलं, काय झालं. त्या खजील होऊन हसल्या. “दोन वाजता सुरुंग असते न आमच्याकडं. भांडे पडते.” लालबागमध्ये दोन वाजता काहीच झालं नाही. फक्त कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. माझ्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर आई चुलीवर भात चढवायची, ते मला आठवलं. पण भोंग्यानं आमची भांडी कधी पडली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही गच्चीवर मिरच्या परतायला गेलो. अख्खी गच्ची लाल झाली होती, कारण चाळीतल्या सगळ्यांच्याच मिरच्या तिथे होत्या, प्रत्येकीच्या चादरीवर खुणेचा दगड. नामदेव कोतवालही खोलीतून आले होते. कांताबाई आमच्या चादरीशी उकिडव्या बसल्या, एक मिरची उचलून पदरानं पुसली आणि पदर पाहिला. पदर स्वच्छच राहिला. त्यांनी दुसरी पुसली. मग हसून म्हणाल्या, “या पाहा साहेब, तुमाले गाव दाखवते आमचं. तुमच्या कागदात मले काही समजलं नाई.”

त्यांनी चादरीच्या कडेला मोकळ्या जमिनीवर गाव मांडायला सुरुवात केली. ओळीनं ठेवलेल्या मिरच्या म्हणजे नाला. नाल्याच्या अलीकडे देवळासाठी खडा, शाळेसाठी खडा आणि मूठभर मिरच्या, ते जुनं गाव. हे माझ्या नकाशाशी बरोबर जुळत होतं, आणि मला बरं वाटलं. मग त्या नाला ओलांडून पलीकडे मिरच्या ठेवायला लागल्या, एकेक, सुट्या सुट्या.

“तिथे नाही,” मी म्हणालो. “नाल्यापलीकडे शेत आहे.”

“शेत?”

“हो. मी स्वतः काढलाय ना नकाशा.”

कांताबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोतवालांकडे, आणि दोघंही मोठ्यांदा हसायला लागली. “बाप्पा! साहेब, मी तिथंच झोपते. टोली हाय आमची तिथं. पयल्या खदानीत घरं गेले तवा सरकारनंच इकडं आनून बसवलं आमाले. छत्तीस घरं हायेत. म्हंजे तुमच्या कागदात मी वावरात झोपून राह्यली?”

वावर म्हणजे शेत. मीही हसलो. हसणं भाग होतं. पण माझ्या नकाशातली डोंगराची जागा त्या सुट्या मिरच्यांपासून वीतभरसुद्धा दूर नव्हती, आणि कोतवाल म्हणत होते, की पावसाळ्यात मातीचा डोंगर चालतो, एकदा गुरांचा गोठा त्याखाली गेलाय. विजयानं विचारलं, माणसं गेली का. कोतवाल म्हणाले, त्या वेळी नाही.

बुधवारी सकाळी मी कचेरी उघडायच्या आधी पोचलो आणि मूळ कागद काढला. आमची पद्धत अशी होती, की जुन्या मोजणीचा नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कागद, आणि गिरवायचं. जुन्या मोजणीत नाल्यापलीकडे शेतच होतं, कारण तेव्हा टोली नव्हती. तिथपर्यंत माझा दोष नव्हता. पण कागद खिडकीशी तिरपा धरला तेव्हा नाल्यापलीकडे बारीक खळगे दिसले. तिथे कुणीतरी पेन्सिलीनं ठिपके काढले होते, आणि ते नंतर खोडले होते. मला आठवलं. जागेवर पाहणीला गेलेल्या माणसानं परत येऊन कच्चे ठिपके टाकले होते आणि शेजारी लिहिलं होतं, ‘घरे?’ प्रश्नचिन्हासकट. मी ते कागदावरचा मळ समजून साफ केलं. मळ समजून, हेही पूर्ण खरं नाही. ती घरं आहेत, हे मी वाचलं होतं. पण गावठाणाबाहेरच्या घरांना कुठला रंग द्यायचा ते ठरलेलं नव्हतं, कुणाला विचारायला जायचा कंटाळा होता, आणि नकाशा स्वच्छ हवा होता. मी खोडरबर घेतलं.

मला त्या सकाळी फार लाज वाटली. दोनच दिवसांपूर्वी ज्या बाईनं माझ्या घरी बसून माझ्या मिरच्यांचे देठ खुडले होते, तिचं घर मी फुंकर मारून टेबलावरून उडवलं होतं.

आमच्या साहेबांना मी सांगितलं, की नकाशात एक वस्ती राहिली आहे, दुरुस्ती करू या. कशी राहिली ते सांगितलं नाही. साहेब चांगले होते, पण पद्धतशीर. ते म्हणाले, “सुनावणी उद्याच आहे ना? मग येऊ द्या हरकत. आपणच आपल्या नकाशावर हरकत घ्यायची पद्धत नाही.”

घरी आलो तर दोघी डंकावर गेल्या होत्या. मीही गल्लीत गेलो. वीसेक बायका नाकाला रुमाल बांधून ओळीनं बसलेल्या, मधे उखळांची धपधप, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण तोंड उघडलं की ठसका. विजयाशेजारी कांताबाई. विजयानं त्यांना आपला मोठा नियम समजावून दिलेला दिसत होता, कारण मी चहासाठी खुणावलं तेव्हा कांताबाईंनी हात हलवून नकार दिला आणि उखळाकडे बोट दाखवलं. झाकण लागल्यावरच त्या उठल्या. परतताना मी त्यांना एवढंच म्हणालो, “उद्या बाकी काही बोलू नका. धूळ, सुरुंग, काही नको. त्यांच्याकडे वेळ कमी असतो. फक्त म्हणा, नकाशात आमची घरं नाहीत.”

“तुमी त म्हनले, नकाशा तुमी काढला.”

“हो.”

त्या थांबल्या. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत समितीचे तीन लोक बसले होते, पंखा होता, आणि भिंतीशी तोच मूळ नकाशा धरून मी उभा होतो. चिंचझरीचा नंबर आला. कांताबाई म्हणाल्या, “साहेब, याच्यात आमची टोली नाई. नाल्यापलीकडं छत्तीस घरं हायेत.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “असं आहे का?”

मी म्हणालो, “नकाशा जुन्या मोजणीवरून आहे.”

हे वाक्य मी आदल्या दिवशी लोकलच्या वेळापत्रकासारखं पाठ केलं होतं. त्यात खोटं काही नाही. खरं मात्र जेवढं बोलायला हवं होतं तेवढं त्यात नव्हतं.

“नोंद घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचे.”

कांताबाई उठल्या नाहीत. शिपाई म्हणाला, बाई, झालं तुमचं. त्या बसून राहिल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला. तेव्हा त्या म्हणाल्या, “नोंद नोका घेऊ. माह्यासमोर घरं काढा. झाकण लागल्याबगर मी उठत नाई.”

झाकण कसलं, ते त्या खोलीत मला एकट्याला कळलं. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. बाहेर रांग वाढत होती. शेवटी अध्यक्ष त्रासून म्हणाले, “अहो, काढा हो पेन्सिलीनं.”

मी नकाशा टेबलावर अंथरला आणि पेन्सिल घेऊन वाकलो. घरं कुठे ते कोण सांगणार? नामदेव कोतवाल पुढे आले. त्यांनी डोळे मिटले आणि कागद वाटत निघाल्यासारखी नाल्यावरच्या दगडापासून सुरुवात केली. हे शंकरचं. त्याच्या उजवीकडं पार्वतीबाईचं. मंग चिंचेचं झाड, तिथं घर नाई. मंग माहं. मी ठिपके टाकत गेलो. पाचव्या-सहाव्या ठिपक्याला पेन्सिलीचं टोक आपोआप एका खळग्यात बसलं. मग पुढच्या. पाहणीच्या माणसानं आधी जिथे ठिपके टाकले होते, तिथेच कोतवालांची घरं येत होती. खोडल्यानं शिसं जातं, दाब जात नाही. मी मान वर केली नाही. छत्तीस झाल्यावर कांताबाईंनी ते बोट लावून मोजले, “हाव” म्हणाल्या आणि उठल्या.

महिन्याभरात निर्णय आला, की वस्ती लगत असल्यामुळे त्या जमिनीचा हिरवा रंग कायम राहील, डोंगर तिथे होणार नाही. मला नकाशा दुरुस्त करायला सांगितलं. पेन्सिलीचे ठिपके शाईनं पक्के करून शेजारी आद्याक्षरं करायची, एवढंच काम होतं. मी तसं केलं नाही. मी दोन दिवस खपून पूर्ण नकाशा नव्या कागदावर नव्यानं काढला. त्यात टोली आपल्या जागी होती, पिवळी, देखणी, जणू सुरुवातीपासून तिथेच असावी. खाडाखोड कुठेच नव्हती. साहेब म्हणाले, वा.

कांताबाई गुरुवारच्या संध्याकाळीच गेल्या. विजयानं त्यांना डबाभर मसाला दिला. त्यांनी पाणी पिऊन पालथा घातलेला पेला विजयानं काही दिवस तसाच राहू दिला होता.

तेव्हापासून दर एप्रिलला त्यांचा फोन येतो. फोन विजयाला असतो, मला नमस्कार. मसाला झाला का, यंदा बेडगी कशी आहे, अशी बोलणी. चार-पाच वर्षांनी एका एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलं, की खाणच वाढली. जमीन घेतली, टोलीसकट, आणि ती केंद्राच्या कायद्यानं घेतली. आमच्या नकाशाला कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. आमच्या कागदावर ती जमीन अजूनही हिरवी आणि टोली पिवळी असेल, आणि त्यांच्या जागी खड्डा आहे. टोली उठवून रस्त्याच्या बाजूला माळावर नेली. एका माणसाला दोनदा घर हलवावं लागलं. विजया फोनवर रडली. कांताबाईच तिला म्हणाल्या, “चार-पाच वर्स त राह्यलो न ताई, डोंगराबगर.”

मला या चार-पाच वर्षांचा आधार वाटतो, हे कबूल करतो. आणि आपण तो आधार घेण्याच्या लायकीचे नाही, असंही वाटतं.

यंदा मिरच्या जाळीत पडल्या त्याच आठवड्यात त्या भागाचा सुधारित आराखडा हरकतींसाठी जाहीर झाला. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? मी तो मोबाइलवर उतरवून घेतला आणि दोन बोटांनी मोठा करत गेलो. आता नकाशे उपग्रहावरून करतात म्हणे. चिंचझरी सापडली. रस्ता सापडला. रस्त्याच्या बाजूचा माळ सापडला. तो हिरवा होता.

दुपारी कांताबाईंचा फोन आला तेव्हा मी तो विजयाच्या हातून घेतला. नकाशाचं सांगितलं.

“म्हंजे पुन्हा वावरात का आमी?” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग म्हणाल्या, “त्या माळाच्या मागं नवीन डोंगराची जागा पाहून राह्यले लोक. रोज गाडी येते.”

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. सबंध नोकरीत मी हरकतींचे गठ्ठे फाइलला लावले, स्वतः एकही कधी लिहिली नव्हती. हरकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, जमिनीशी संबंध. संबंधाच्या रकान्यात मी बराच वेळ अडलो. मग लिहिलं, की मी पूर्वीच्या नकाशाचा आरेखक. पुढे लिहिलं, की माळावर वस्ती आहे, ती पिवळी दाखवावी. आणि शेवटी लिहिलं, की पूर्वीच्या आराखड्यातून हीच वस्ती वगळली गेली, तो जुन्या मोजणीचा दोष नव्हता. पाहणीच्या नोंदी मी स्वतः खोडल्या होत्या. ही ओळ लिहायला मला मसाला कुटून होईल एवढा वेळ लागला.

संध्याकाळी मीच फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. शेवटची ओळही. विजया जाळीतल्या मिरच्या काढायची थांबली, कारण हे तिलाही आजच कळत होतं.

“ते मले तवाच समजलं होतं, साहेब,” कांताबाई म्हणाल्या. “ठिपके काढतानी तुमी माह्याकडं पाहत नव्हते.”

मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

“घरं किती लिवले?” त्यांनी विचारलं.

“छत्तीस.”

“सदतीस करा. माह्या पोरानं येगळं बांधलं यंदा.”

दुसरा कोरा कागद टेबलावरच होता, पण मी तो घेतला नाही. छत्तीसवर आडवी रेघ मारली, वर सदतीस लिहिलं, आणि शेजारी आद्याक्षरं केली.